न चढणारे गमबूट

"ओढ ना! जरा जोर लाव!" पलंगाच्या कडेवर बसलेला लेबाका म्हणाला आणि एवढं बोलण्यातच त्याला धाप लागली.

मानेओ त्याच्या पायाशी बसली होती. गमबूट तिनं दोन्ही हातांनी वर रेटला, आडवा-उभा फिरवून पाहिला, पण टाच काही आत जाईना. शेवटी तिनं बूट बाजूला ठेवला आणि ती खुदकन हसली.

"राहू द्या, नेओचे बाबा. माझ्या हातचं खाऊन तुमच्या पायांनीसुद्धा बाळसं धरलंय."

त्या डोंगरी गावात नवरा परमुलखातल्या सोन्याच्या खाणीतून वाळून आला आणि तसाच वाळका राहिला, की बायकोला मान खाली घालावी लागे. लेबाका वाळूनच आला होता. तीस वर्षं तो फक्त नाताळला आणि ईस्टरला घरी यायचा. खोकला सुटेना तेव्हा खाणीनं त्याला कायमचा घरी धाडला. मानेओनं तो नुसता ब्लँकेट पांघरलेला सांगाडा पाहिला आणि पदरचं सगळं त्याच्यावर ओतलं. आणि आता पाहावं, तर पाय भरले, पोट सुटलं, अंगावर पांघरायच्या ब्लँकेटची पिन लागेना! झऱ्यावर पाणी भरताना शेजारीण मासेचाबा तिला चिडवायची.

"काय गं, चारतेस तरी काय नवऱ्याला? आमच्या काटकुळ्यालाही दे की थोडं!"

"काही नाही गं बाई. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला पापा नि पालेभाजी. मीठ तेवढं सढळ हातानं घालते. खाणीतलं अळणी खाऊन जीभ मेली होती त्यांची."

हे सांगताना मानेओच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. लग्नानंतर जो माणूस तिला वर्षातून जेमतेम महिनाभर मिळाला, तो आता रोज तिच्या चुलीपाशी बसत होता. तिला आणखी काही नको होतं.

लेबाकाला मात्र एकच ध्यास होता. डोंगरमाथ्यावरचा गुरांचा तळ. उन्हाळ्यात खाली शेतं उभी असतात, तेव्हा गुरं वर चरायला जातात. तिथं दगडाची एक खोपटी होती. मिसरूड फुटेपर्यंत तो तिथंच वाढला होता. जमिनीखाली अंधारात तो तीच खोपटी डोळ्यांपुढे आणत असे. आता वर जायचं, तर गमबूट हवेत. नाहीतर माथ्यावरच्या दलदलीत पाय कुजतात. आणि बूट तर चढेनात. म्हणून दोघं दवाखान्यात गेली.

पुलेंग सिस्टरनं आधी त्याची छाती ऐकली. मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला, तो तसाच राहिला.

"माई, हे मांस नव्हे," ती हळूच म्हणाली. "पाणी आहे."

"पाणी? पाण्यानं कुठं माणूस जाड होतो?"

"बाबांच्या फुप्फुसात दगडाची भुकटी बसलीय. फुप्फुसं कडक झालीत. त्यांतून रक्त ढकलायला हृदयाला दुप्पट जोर लावावा लागतो. किती दिवस लावणार? ते दमलं. मग मागून येणारं रक्त तुंबतं आणि त्यातलं पाणी पायांत उतरतं."

"खाणीत माणसं वर नेणारा पाळणा अडकल्यासारखं," लेबाका म्हणाला. "पाळणा वर सरकला नाही, की खाली बोगद्यात माणसांची दाटी."

"अगदी तस्संच. त्यात मूत्रपिंडांची फसगत होते. त्यांच्यापर्यंत रक्त कमी पोचतं ना, त्यांना वाटतं अंगातलं पाणीच आटलं. मग तीही पाणी नि मीठ धरून ठेवतात. एक दमलं, की सगळ्यांची कामं बिघडतात. मीठ बंद करा, माई."

मानेओच्या डोळ्यांपुढे मिठाचा डबा आला.

"आणि वर तळावर नाही जायचं. तिथली हवा विरळ. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतील. खरं तर तुम्ही खाली सखल भागात, लेकीकडे, नेओकडे राहायला जावं."

"तीस वर्षं दुसऱ्याच्या भुईखाली काढली, पोरी," लेबाका म्हणाला. "आता स्वतःच्या भुईवरून हलायचा नाही मी."

"मग निदान वर तरी जाऊ नका."

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. रात्रीतून तो चारदा उठू लागला आणि पाय उतरत गेले. चार-सहा आठवड्यांत पुन्हा तोच सांगाडा! मानेओनं झऱ्याची वेळ बदलली. मासेचाबाशी गाठ नको होती तिला. आपण ज्यावर मिरवलो तो त्याचा आजार होता, हे तिला खात होतं.

एका सकाळी लेबाकानं गमबूट आपल्या हातांनी चढवले. दोन्ही सहज गेले.

"बघ! आता जाऊ?"

"हिवाळ्यात गुरं येतीलच की खाली."

"गुरं येतील गं. मी असायला हवा ना."

मानेओनं बराच वेळ चूल सारखी केली. मग उठून घोडीवर खोगीर घातलं.

"खिंडीपर्यंत," ती म्हणाली. "तळ तिथून दिसतो. आणि लगाम माझ्या हातात."

"बायको लगाम धरणार? गाव हसेल."

"हसू दे. गावानं काय तीस वर्षं तुमची वाट पाहिली?"

दोघं निघाली. प्रत्येक नाताळनंतर ती खाणीकडच्या वाटेवर उभी राहून त्याची पाठ लहान होत जाताना पाहायची. आज ती पुढे होती आणि तो मागे, घोडीवर. वळून न बघता ती त्याचा श्वास ऐकत होती. श्वास घरघरला, की ती थांबे; जरा निवळला, की पुढचं पाऊल टाके. घोडीनंही तो ठेका धरला.

खिंड जवळ आली होती. पलीकडून गुरांच्या घंटा पुसट ऐकू येत होत्या. मानेओला वाटलं, आलंच आता. पण मागचा श्वास तुटक झाला, तिनं कितीही वेळ थांबून पाहिलं तरी तो निवळेना.

"फिरव," लेबाका म्हणाला. "घंटा ऐकल्या मी. आपल्या तांबडीची आहे ती, फुटकी."

तिनं घोडी वळवली. तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. रिकिबीतल्या पायातून गमबूट निसटून वाटेवर पडला होता.

मानेओनं तो उचलला. तिनं त्याचा पाय हातात घेतला; तिच्या एका मुठीत घोटा मावला. बूट घालू लागली, तर आत आणखी एक हात बसेल एवढी जागा. पाय आत जात होता, पण बूट पायात राहणार नव्हता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

तिनं आपलं ब्लँकेट सोडून त्याच्या पायाला गुंडाळलं, बूट काखेत धरला आणि लगाम धरून उतार उतरू लागली, त्याच्या श्वासाच्या चालीनं.