उन्हात वाळवलेले चुट्टे

“सुकन्या, ते पानांचं फडकं पाळण्याखाली ठिवू दिऊ नगं. गुळाचा वास हाय त्याला,” शेजारच्या अंबुबाई म्हणाल्या होत्या.

मी हसले. “मावशी, बीएस्सी आहे मी. या घरात मुंगीसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही.”

“मुंगीचं नव्हं गं, लेकीचं बोलतीय मी.”

भवानी पेठेतल्या आमच्या घरी सासरे, महादेवप्पा, हाताने चुट्टे वळायचे. तंबाखूचं अख्खं पान गुळाच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्यात मऊ करायचं, शीर काढायची, आत चुरा भरून मांडीवर एका दाबात वळायचं, मग सुपात पसरून चार दिवस सावलीत वाळवायचं. खोटं कशाला बोलू, तो वास मलाही आवडायचा. खारकेसारखा, जड. त्यांचा चुट्टा सरळ जळायचा, राख बोटभर झाली तरी गळायची नाही. पेठेतले म्हातारे म्हणायचे, “मादेवप्पा, तुमच्या चुट्ट्यापुढं सिगरेट म्हंजे अगरबत्ती की!”

पाळण्याखालची फरशी गार, म्हणून मामा, सासऱ्यांना मी मामाच म्हणते, फडकं तिथंच ठेवायचे. एका सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा चौदा महिन्यांच्या दाक्षायणीने ते ओढून चोखलं. उलट्या, घाम, मग मान टाकली. दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, तर माझ्या आधी मामाच बोलले, “आईचं ध्यान मोबाईलात. पोरीनं काय उचललं, देव जाणे.”

त्यांना माहीत होतं. फडकं त्यांनीच तिच्या मुठीतून सोडवलं होतं.

“तंबाखू!” मी ओरडले. शिवपुत्रने, माझ्या नवऱ्याने, तरीही रागाने माझ्याकडेच बघितलं.

तीन दिवसांनी लेक घरी आली. मग मी कामाला लागले.

दुपारी मामा झोपले की चुट्ट्यांचं सूप गच्चीवर, रणरणत्या उन्हात. चहाच्या आधी परत जागेवर. उन्हात पान तडकतं, चुट्टा एकाच बाजूने जळतो, घशाला चावतो. आठवड्यात म्हातारे खोकायला लागले. “हात गेला की हो तुमचा, मादेवप्पा!” मामा एकेक चुट्टा उजेडात धरून बघायचे, बोटं चोळायचे. मी दारातून बघत राहायचे. बरं वाटायचं, फार बरं वाटायचं.

एकदा त्यांनी हात पुढे केले. “पोरी, बोटं थरथरतात का गं माझी? खरं सांग.”

“व्हय मामा,” मी म्हटलं. “लईच.”

थरथरत नव्हती.

त्यानंतर त्यांनी पान हातात धरलं नाही. पुढे शिवपुत्रच्या नोकरीपायी आम्ही टेंभुर्णीला आलो, ते आले नाहीत. अंबुबाईही लेकीकडे गेल्यात. नऊ दिवस झाले, मामा फोन उचलत नाहीत. शिवपुत्र म्हणतो, रुसले असतील.

मी त्यांना माफ केलेलं नाही. पण तुम्ही भवानी पेठेकडून जाणार असाल, तर चुट्टेवाल्या महादेवप्पांचं घर विचारा, कुणीही दाखवेल. कडी वाजवा. जरा जोरात वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं. दार उघडतात का, जेवलेत का, तेवढं बघा. मी विचारलंय हे मात्र सांगू नका.