बहात्तर पूर्णांक चार

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. कामगार संगणकाच्या पडद्यासमोर हात जोडून उभे होते. महिनाभर सगळ्यांच्या नाकी नऊ आणणाऱ्या मोठ्या टाकीचं तापमान तीन दिवस ७२.४ वर स्थिर होतं. चमत्कार करणाऱ्या एका बाबांनी पडद्यावरून हात फिरवला आणि टाकी गरीब गाय झाली म्हणे!

"यंत्रालाही आत्मा असतो, बाळांनो! मी त्याचा ताप उतरवला!" बाबा लाऊडस्पीकरवरून सांगत होते. खोली एवढीशी, पण लाऊडस्पीकर हवाच.

मीटर दुरुस्त करणारी ताई गर्दीतून वाट काढत आत आली. तिचा सख्खा भाऊ त्याच टाकीखाली कामाला होता. "जवळ जाववत नाही गं, इतकी तापते," तो काल घरी म्हणाला होता, "पण पडद्यावर सगळं ठीक दिसतं."

"काका, टाकीवरच्या तापमापकाचा काटा कोणी पाहिला?" तिने ऑपरेटरकाकांना विचारलं.

"कृपा असताना शिडी कशाला चढायची?"

"आणि मीटरशी संपर्क तुटल्यावर वाजणारा भोंगा?"

"बाबा म्हणाले, अशुभ आवाज आहे. बंद केला."

खोलीच्या भिंतीवरही एक तापमापक होता, त्याच संगणकाला जोडलेला. तिने एकाच्या हातातला चहाचा गरम ग्लास घेऊन त्याला टेकवला. पडद्यावर खोलीचं तापमान २६.१. मिनिट गेलं, तरी २६.१च.

"बाबा, चहाचाही ताप उतरवलात का?" कोणी हसलं नाही.

ती टेबलाखाली वाकली. सगळ्या मीटरच्या केबली ज्या डब्यात येतात, त्याचीच पिन उपटून तिथे लाऊडस्पीकर लावला होता. संगणक दर सेकंदाला मीटरना आकडा विचारतो. तीन दिवस उत्तरच येत नव्हतं, म्हणून तो शेवटचा आकडा दाखवत बसला होता. आणि आकडा बरा दिसतोय म्हणून टाकीला थंड पाणी कोणी सोडलंच नव्हतं.

तिने लाऊडस्पीकरची पिन काढून डब्याची परत लावली. बाबांचा आवाज अर्ध्या वाक्यात गेला. पडद्यावर आकडा आला: १३१.

"दादा, सगळ्यांना बाहेर काढ! आत्ताच्या आत्ता!" ती फोनवर किंचाळली.

दादाने आठ जणांना बाहेर काढलं आणि टाकी तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला तो एकटा मागे फिरला. व्हॉल्व्ह बंद झाला, पण तोवर झाकणाच्या फटीतून टाकीतला उकळता माल त्याच्या हातांवर उसळला. बाबा मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

दादाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. बोटं राहतील की नाही, डॉक्टर सांगू शकत नव्हते. दवाखान्याच्या बाकावर काका डोळे पुसत म्हणाले, "बाबांची कृपा, जीव तरी वाचला."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी ती त्यांच्या शेजारी बसली.

"आठ जीव दादाने वाचवले, काका. आणि त्याचे हात आपण सगळ्यांनी मिळून जाळले. मीसुद्धा. काल त्याने सांगितलं तेव्हाच मी यायला हवं होतं. यापुढे आकडा हलेनासा झाला तर नमस्कार करू नका. शिडी चढा आणि काटा बघा."