बेर्सीच्या घरचं जेवण

परमेश्वराच्या सेवकाला माणसाचं भय नसतं, असं म्हणत बिशप स्टेनार यांनी वाडगा उचलला, आणि तो हिंदकळू नये म्हणून लगेच दुसरा हातही लावला.

वाडग्यात तांबडं, जाड धाग्याचं मांस होतं. समोर बेर्सी बसला होता. मागे भिंतीला टेकून त्याची माणसं. कुऱ्हाडी त्यांनी रीतीप्रमाणे दाराशी ठेवल्या होत्या. दार मात्र फार लांब नव्हतं.

बिशपांच्या भाच्याने, कोल्लीने, बेर्सीचा भाऊ मारला होता. मामा आपल्या चुलीवरचं जेवला तर सूड सोडू, असं बेर्सीने चारचौघांत कबूल केलं होतं. नाही जेवला, तर कोल्लीने पुढचा रविवार पाहिला नसता.

अडचण एवढीच, की गेल्या उन्हाळ्यात सभेपुढे उभं राहून बिशपांनीच कायदा करून घेतला होता: घोडा खायचा नाही, आपणहून मेलेलं जनावर खायचं नाही, खाईल तो तीन वर्षं देशाबाहेर. त्या सभेत घोड्याच्या बाजूने एकटा बेर्सी भांडला होता.

कशाचं आहे, एवढं विचारलं की भागलं असतं. पण यजमानाला असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. आणि दार जवळच होतं.

"घ्या की महाराज," बेर्सी म्हणाला. "का गरिबाचं अन्न गळ्याखाली उतरत नाही?"

मागे कुणीतरी खाकरलं. बिशपांनी शेजारी पत्नीकडे पाहिलं; त्या मुलखात तेव्हा बिशपही संसार करत. योरुनबाई आत्ताच बेर्सीच्या बायकोशी गप्पा मारून चुलीपासून उठून आल्या होत्या. पोट बरं नाही असं सांगून त्या नुसतं ताक पीत होत्या. त्यांनी नजर वर केली नाही.

बिशपांनी डोळे मिटले आणि घास चावला. बराच वेळ चावला. मग वाडगा पुढे केला.

"अजून थोडं वाढ."

बेर्सीचा चेहरा उतरला. पण शब्द दिलेला होता. तो उठला आणि सगळ्यांदेखत त्याने समेटाचा हात पुढे केला.

परतीच्या वाटेवर बर्फ भुसभुशीत झालं होतं. टेकडी ओलांडल्यावर बिशपांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग, चर्चमध्ये लावतात तो आवाज लावून म्हणाले, "योरुन, त्या पोरापायी मी घोडा खाल्ला. आता सभेपुढे कबूल करीन आणि तीन वर्षं परमुलखात काढीन."

"काहीतरीच तुमचं. एवढ्या हिवाळ्यानंतर बेर्सीकडे घोडा उरलाय कुठे? मेंढी होती ती."

बिशपांनी लगाम खेचला. आभाळाकडे पाहून क्रूस केला, आपल्या घोड्याची मान थोपटली. थोडं पुढे गेल्यावर ते स्तोत्रही गुणगुणू लागले.

"मग तिथेच खुणेने सांगायचंस," ते मध्येच थांबून म्हणाले. "माझा जीव किती टांगणीला लागला होता."

"सांगितलं असतं, तर तुम्ही जेवला नसता."

"मेंढी? का नसतो जेवलो?"

योरुनबाईंनी अंगावरची शाल नीट केली.

"कापलेली नव्हती. मंगळवारी गोठ्यात मरून पडलेली सापडली."