दीडशे पावलांचा नवरदेव

"महिन्यात चौथ्यांदा बघताय काका, आता एकदा हातात घेऊनच बघा की," रिधा सोनार म्हणाला आणि काचेमागची बांगड्यांची जोडी काढून त्याने माझ्यापुढे धरली.

मला बांगड्या नको होत्या. मला तीन मिनिटं हवी होती. उजव्या पोटरीत कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं होत होतं आणि ती मूठ सुटायला तीन मिनिटं लागत.

"छान आहेत," मी म्हणालो.

"कुणासाठी?"

"सहज."

"सहज कुणी सोनं बघत नाही. त्यात शुक्रवारी, न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून."

इस्त्रीचा सदरा होता, कारण मी कबरस्तानात निघालो होतो. माझी बायको बेया गेली त्याला दोन वर्षं झाली होती. एकही शुक्रवार मी चुकवलेला नव्हता, आणि एकदाही गाडीने गेलेलो नव्हतो.

स्फाक्स शहरात चौतीस वर्षं मी घरोघरी पाण्याचे मीटर वाचत हिंडलो. माझं चालणं गावाला माहीत होतं. बेया म्हणायची, "तुमच्याबरोबर बाहेर पडलं की तुमची पाठ तेवढी दिसते." तिला दुकानांच्या काचा बघायच्या असत. घ्यायचं काही नसे. मी वीस पावलं पुढे जाऊन कोपऱ्यावर थांबायचो आणि म्हणायचो, "चल गं, काच काय पळून जाणार आहे?"

घरापासून कबरस्तानापर्यंत अकराशे पावलं आहेत. मोजायची सवय नोकरीतली. गेल्या वर्षी पहिल्यांदा पाय दुखला तो चारशेव्या पावलावर, एका नट-बोल्टच्या दुकानासमोर. नट-बोल्ट बघणाऱ्या म्हाताऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मग तीनशेवर दुखायला लागला, आणि ह्या उन्हाळ्यात दीडशेवर. तिथून घोटाळा झाला. दीडशे पावलांवर रिधाचं सोन्याचं दुकान. तीनशेवर नवरीच्या कपड्यांचं. साडेचारशेवर गाद्यांचं, त्याच्या काचेत एक भला मोठा डबल पलंग मांडलेला, वर बदामाच्या आकाराच्या दोन लाल उश्या. सहाशेवर कॉफीचं दुकान आहे, पण तिथे आमच्या खात्यातले सगळे निवृत्त बसतात, म्हणून ते मी दात आवळून ओलांडत असे आणि पुढच्या भिंतीला टेकत असे. दुखणं दुकान बघून येत नाही हे मला ठाऊक होतं. बाजाराला कसं ठाऊक असणार?

डॉक्टरकडे का गेलो नाही, तर फरहातमुळे. फरहात माझ्याच खात्यातला. अंगठ्याला जखम झाली म्हणून इस्पितळात गेला आणि गुडघ्यापर्यंत पाय देऊन आला. आता तो दिवसभर बाल्कनीत बसतो आणि खालून जाणाऱ्यांच्या चालीला नावं ठेवतो. माझा पाय गेला की माझा शुक्रवार गेला. माझी मुलगी सिहेम मला तिच्या घरी नेणार, चौथ्या मजल्यावर. कबरस्तानात गाडीने नेईल ती, नाही असं नाही. पण गाडीत तिचा नवरा, दोन मुलं, मुलांची भांडणं, आणि बेयापाशी पाच मिनिटं.

म्हणून मी रोज सकाळी पायाला कोमट ऑलिव्हचं तेल चोळत होतो. आमच्याकडे तेलाने बरं होणार नाही असं दुखणंच नाही. आणि झालं नाही बरं, तर दोष घाण्याला देतात.

रविवारी सिहेम आली. माशाच्या कालवणाचं भांडं तिने ओट्यावर असं आदळलं की मला कळलं, काहीतरी आहे.

"बाबा, आधी सोनं बघितलंत. मग नवरीचे कपडे. मग डबल गादी. आता काय राहिलं, पाळणा?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही सांगितलं ते विचारा. आमच्या शाळेच्या शिपायाने माझं अभिनंदन केलं."

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाल्कनीतला फरहात डोळ्यापुढे आला. लंगडा होण्यापेक्षा नवरदेव होणं मला बरं वाटलं.

"बघतोय," मी म्हणालो. "अजून ठरलं काही नाही."

ती खुर्चीत बसली. आवाज न करता रडायची तिची रीत आईची आहे. "आई असती तर..."

"आई असती तर प्रश्नच नव्हता," मी म्हणालो. बोललो ते खरं होतं, पण बोलायची वेळ ती नव्हती.

मंगळवारी बेयाची मोठी बहीण आली. दलेंदाआक्का. वय पंचाहत्तर, आणि अजून कुणाच्या घराचं दार तिने ठोठावल्याचं मी ऐकलेलं नाही. ती सरळ आतच येते.

"करणारच आहेस ना? मग माझ्या बहिणीच्या जागी कोण येणार ते मी ठरवीन. तुझ्यावर सोडलं तर तू घराचा मीटर बघून बायको आणशील."

"आक्का, घाई नाहीये काही."

"सत्तरीला घाई नाही म्हणतोस, मग कधी करणार घाई? वसीला म्हणून एक आहे. विधवा. अठ्ठावन्न वर्षांची. मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या विभागात नर्स आहे. स्वयंपाक चांगला, आणि बोलते कमी."

शेवटचं वाक्य आमच्याकडे प्रत्येक नवरीबद्दल सांगतात. ते कधी खरं निघालेलं नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही वसीलाकडे गेलो. मी, आक्का, आणि तोंड शिवल्यासारखी सिहेम. दारात चपला काढल्या. अंगठ्याला लागलं होतं म्हणून मी मोजे घातले नव्हते. बैठकीत बसलो. वसीला चहाचा ट्रे घेऊन आली. उंच बाई, बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. तिने ट्रे ठेवला आणि ती माझ्या पायांकडे बघत उभी राहिली.

"ह्या वयातही लाजते बघ," आक्का माझ्या कानात म्हणाली.

वसीला माझ्यासमोर खाली गालिच्यावर बसली. "पाय इकडे करा."

मी डावा पाय पुढे केला.

"तो नको. उजवा."

तिने पावलावर दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मी आयुष्यात एकदाच मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा असं काही झालं नव्हतं.

"अगं वसीला," आक्का म्हणाली, "आधी चहा तरी..."

"थांबा आक्का, मोजतेय."

मग तिने घोट्यामागे बोटं दाबून पाहिलं. मग डावा पाय धरला. मग पुन्हा उजवा.

"किती पावलांवर थांबता?"

"कोण थांबतं?"

"सव्वीस वर्षं असेच पाय बघतेय. पहिल्यांदा सगळे हेच म्हणतात, कोण थांबतं. किती पावलांवर?"

मी सिहेमकडे बघितलं नाही. "दीडशे. ह्या आठवड्यात एकशे वीस."

सिहेमचा चहाचा पेला ओठांपाशी थांबला. आमच्या घराबाहेरचा तो रस्ता ती लहानपणापासून ओळखते. तिचे ओठ हलताना मला दिसले. "दीडशेला सोनार," ती हळूच म्हणाली. "तीनशेला कपडे. साडेचारशेला..." आणि तिला हसू फुटलं. चहा सांडला, तरी हसत होती. "बाबा, अहो बाबा, सांगायचं तरी."

"काय सांगायचं?" आक्का म्हणाली. "काय झालं? कुणी मला सांगेल का?"

"ह्यांना बायको नको आहे, आक्का," वसीला म्हणाली. "रक्त हवंय. मांडीतली रक्ताची नळी बंद पडलीय. चाललं की पोटरीला रक्त पुरत नाही, थांबलं की जरा पुरतं. पावलात नाडीच लागत नाहीये."

"पायाला नाडी असते?" आक्काने विचारलं आणि स्वतःचं पाऊल चाचपायला घेतलं.

"ही अंगठ्याची जखम कधीची?"

"सात आठवडे. चप्पल चावली."

"चप्पल चावलेलं सात आठवडे राहत नाही." तिने वाकून वास घेतला. "तेल चोळता?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय? बायकोच्या हातालाही चोळलं होतं."

हे मी दोन वर्षांत कुणाला बोललो नव्हतो. त्या सकाळी बेयाच्या हातातून पेला पडला. म्हणाली, हात झोपलाय. तिचं तोंड जरा वाकडं झालेलं होतं. मी म्हणालो, वेडावतेस काय. मग तेल गरम केलं आणि तिचा हात चोळत बसलो. सिहेमला मी सांगितलं होतं, आई अचानक गेली. अचानक नाही गेली.

"किती वेळ चोळलंत?" वसीलाने विचारलं.

"दीड तास."

सिहेमचं हसू थांबलेलं होतं. आक्काने आपलं पाऊल सोडलं. वसीलाचा हात मात्र माझ्या पायावरच होता.

"ती मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी असणार," ती म्हणाली. "लगेच नेलं असतं तर कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नसत्या. तुमचं मन राखायला वेगळं काही सांगणार नाही मी. पण ह्या पायाचं मला सांगता येतं. ह्याला अजून वेळ आहे, फार नाही. उद्या सकाळी आठला इस्पितळात या."

"उद्या शुक्रवार आहे."

"म्हणून?"

"कापतील," मी म्हणालो.

"उशीर केलात तर कापतील. वेळेवर आलेले कितीतरी मी चालत घरी जाताना पाहिलेत, तिजानीभाऊ."

"भाऊ?" आक्का म्हणाली.

"आक्का, मला नवरा नकोय हे मी तुम्हाला फोनवरच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाहुणे नुसते चहाला येतायत."

आक्काने पेला उचलला. "चहाच पितोय की मग," ती म्हणाली.

घरी येताना सिहेमने माझा दंड धरला होता. एकशे वीस पावलं झाली आणि मी काही म्हणायच्या आत ती स्वतःच थांबली. समोर रंगाचं दुकान होतं. आम्ही डबे बघत उभे राहिलो.

"आईला..." ती म्हणाली. "तेलाने बरं वाटलं होतं का तिला?"

"म्हणाली, गरम आहे, छान वाटतंय."

तिने मान हलवली. ते निळे डबे आम्ही तीन मिनिटांहून जास्त वेळ बघितले असतील.

इस्पितळातला सर्जन माझ्या जावयापेक्षा लहान होता. त्याने कागदावर पायाचं चित्र काढलं. बंद पडलेल्या नळीला वळसा घालून नवी वाट करायची, आणि त्यासाठी माझ्याच पायातली एक शीर काढून जोडायची.

"आणि जिथून काढणार तिथलं काय?"

"तिथे काम भागवायला दुसऱ्या आहेत."

म्हणजे आमच्या खात्यासारखंच, मी म्हणालो. त्याला ते कळलं नाही. त्याने माझ्या मानेवरही यंत्र फिरवलं, कारण हा रोग एका जागी मुक्काम करत नाही; मानेत बसला की तिथली गुठळी मेंदूत जाते. माझी मान बरी होती. यंत्र फिरत होतं तेवढा वेळ मी छताकडे बघत होतो. हे एवढंसं यंत्र, कुणी आधी बेयाच्या मानेवर फिरवलं असतं तर, असं मनात येत होतं. नळ्या सिगारेटीने बंद पडतात असं सर्जन म्हणाला, आणि माझ्या सिगारेटी त्याच दिवशी सुटल्या. चाळीस वर्षांची सवय होती.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. शुद्धीवर आलो तेव्हा वसीला पायथ्याशी उभी होती. तिने दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "आहे."

पुढे दलेंदाआक्का रोज भेटायला येई आणि येता-जाता वॉर्डमधल्या सगळ्यांच्या पायाची नाडी बघे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची तिला लागेना, म्हणून तिने आरडाओरडा करून डॉक्टरला बोलावलं. त्या माणसाचा तो लाकडी पाय निघाला.

सहा शुक्रवार माझे चुकले. पण बेयाचे चुकले नाहीत. सिहेम गेली, आणि चालत गेली.

सातव्या शुक्रवारी मी एकटा निघालो. दीडशे झाली, पाय काही बोलला नाही. तीनशे. साडेचारशे, गादीवाल्याने आतून हात केला. सहाशेवर कॉफीच्या दुकानासमोरून मी मुद्दाम सावकाश गेलो. बाल्कनीतून फरहात ओरडला, "अरे, डावा खांदा पाडतोस." अकराशे पावलं मी न थांबता चाललो.

पोचलो तेव्हा रखवालदार अजून फाटक उघडत होता. मी बेयापाशी उभा राहिलो. पाय बरा होता, हवा बरी होती, आणि मला सारखं वाटत होतं की मी पुन्हा वीस पावलं पुढे येऊन कोपऱ्यावर उभा आहे.

पुढच्या शुक्रवारी दीडशेव्या पावलावर मी थांबलो.

रिधा धावत बाहेर आला. "काय झालं काका? परत दुखायला लागला?"

"नाही."

"मग बांगड्या काढू बाहेर?"

"नको. तिथंच असू दे."

तो आत गेला आणि बांगड्यांची जोडी त्याने काचेच्या जवळ आणून ठेवली. बेया नेहमी माझ्या डाव्या हाताला असायची. मी जरा उजवीकडे सरकून उभा राहिलो.