दोनदा तोललेला मका

क्विंटलमागे बाजारापेक्षा चारशे जास्त, मका चाळीस क्विंटल, म्हणजे सोळा हजार रुपये. एवढा हिशेब दोघी जावांमधल्या थोरलीने पहिलं पोतं माझ्यावर चढायच्या आधीच बोटांवर करून ठेवला होता. मित्रांनो, मी सरकारी खरेदी केंद्रातला एक जुना वजनकाटा आहे.

आदल्या वर्षी मक्याचा भाव असा कोसळला, की काढणीची मजुरीही सुटली नाही. म्हणून सरकारने हमीभाव जाहीर केला. थोरलीने कडधान्याचं रान मोडून तिथेही मका लावला. तिचं काय चुकलं? पोत्यांची तोंडं तिने स्वतः निळ्या सुतळीने शिवली होती.

"मापाडीदादा, पोत्याला हात नका लावू. ते आपलं आपण उभं राहतं," ती म्हणाली. मापाड्याने हसून हात काढला.

धाकटी जाऊ तीनशे कोंबड्या पाळायची. महिन्याला सहा क्विंटल मका लागायचा. सरकार जादा भाव देतंय म्हटल्यावर बाजारात स्वस्त कोण विकणार?

"अक्का, मला तरी जुन्या भावाने दे."

"का? तुझ्या कोंबड्या मला काकू म्हणतात का?"

धाकटी कशीबशी हसली आणि गेली.

सरकारचा मका मात्र गोदामातच पडून राहिला. एवढ्या भावाने घेणार कोण? वर्षभराने लिलाव निघाला आणि तीच पोती पुन्हा माझ्यावर चढली. दर पोतं जाताना पन्नास किलो, येताना चव्वेचाळीस. बाकीचं सोंडकिड्यांनी खाल्लं.

महाग मक्यापायी निम्म्या कोंबड्या विकून बसलेली धाकटी स्वस्त मिळेल या आशेने आली होती; थोरलीही बघायला आली होती. निळी सुतळी बघून तिने मूठभर दाणे हुंगले.

"अक्का, तुझाच ना हा?"

"गेला तेव्हा मोत्यासारखा होता गं," थोरली पुटपुटली.

"बुरशी आहे. हा घातला तर उरल्यासुरल्या कोंबड्याही मरतील."

मका निम्म्या भावात खळ बनवणाऱ्या कारखान्याने उचलला. पुढच्या आठवड्यात धाकटीच्या उरलेल्या कोंबड्यांचे पिंजरे विक्रीसाठी माझ्यावर आले. त्या दिवशी थोरली तिच्यासोबत आली होती, पण तिने आकड्याकडे पाहिलंच नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, वेळच्या वेळी तेल घाला. मी वजन खोटं सांगणार नाही. पण जे माझ्यावर चढतं, तेवढंच मला कळतं. बाकीचं तुम्हीच मोजायचं. थोरलीला सोळा हजार मिळाले. धाकटीच्या कोंबड्या गेल्या. सडक्या मक्याचा तोटा काडेपेटीवरसुद्धा कर भरणाऱ्या सगळ्यांनी भरला. आणि पूर्वी धाकटीकडून आठवड्याला डझनभर अंडी फुकट यायची, ती थोरली आता दुकानातून आणते; वाढीव भावाने.