तीन दवाखाने, एक मंजुरी

मार्तंड रुग्ण मंडळाचे तीन दवाखाने होते: सोलापूर, बार्शी आणि सांगोला. १९७६ साली तिथं क्षयावरच्या नव्या गोळीची चाचणी व्हायची होती. तोवर अशा चाचणीला मंजुरी द्यायची का, हे प्रत्येक दवाखान्यातले डॉक्टर आपल्या रोग्यांपुरतं बसून ठरवत. बार्शीच्या म्हाताऱ्या डॉ. विरुपाक्षांनी सोलापूरला लेखी अट कळवली: ही गोळी यकृताला बाधते, दर पंधरवड्याला रक्त तपासा. मुख्य डॉक्टर यज्ञेश्वरांना उशीर नको होता. त्यांनी तिन्हींसाठी सोलापुरात एकच समिती केली आणि बार्शीचं पत्र तिच्यापुढं ठेवलंच नाही.

सांगोल्याला विजयमाला नर्स होती. मेंढरं राखणारा तिचा धाकटा भाऊ महिपती क्षयानं खंगला होता. त्याचं नाव तिनंच चाचणीत घातलं.

पाचव्या आठवड्यात तो म्हणाला, "ताई, अन्न बघवंना. लघवी लई पिवळी हुतीया."

तिनं सोलापूरला फोन लावला.

"समितीनं सगळं पाहिलंय, सिस्टर," यज्ञेश्वर म्हणाले. "गोळ्या चालू ठेवा."

तिनं आपल्या हातानं भरवल्या. त्यानंतर बाराव्या दिवशी महिपती गेला.

विरुपाक्षांनी या गोळीला अट घातली होती असं कानावर आलं, तशी त्याचे दिवस उरकून ती बार्शीला गेली. विरुपाक्षांनी पत्राची नक्कल आणि यज्ञेश्वरांच्या सहीची पोचपावती पुढं केली. "माझ्यानं आता सोलापूरला जाववत नाही. तू आजच मंडळाच्या अध्यक्षांना भेट. गोळ्या थांबतील."

"मंडळाच्या बैठकीतच दाखवीन," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर त्यांचं तोंड मला बघायचंय."

"बैठकीला अकरा दिवस आहेत, पोरी."

"असू देत."

सांगोल्यातल्या रोग्यांच्या गोळ्या तिनं गुपचूप बंद केल्या. बाकी दोन गावांचा विचार तिनं मनात येऊ दिला नाही.

सोलापुरातल्या बैठकीत ती न बोलावता शिरली आणि उभ्यानं पत्र वाचलं.

"असं पत्र मला मिळालंच नाही," यज्ञेश्वर म्हणाले.

तिनं पोचपावती अध्यक्षांपुढं ठेवली. यज्ञेश्वरांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि तिनं तो डोळे भरून पाहिला. चाचणी तिन्हीकडं त्याच तासाला थांबली. यज्ञेश्वरांना पद सोडावं लागलं.

बाहेर पडताना तिला समोरच्या वॉर्डात एक बाई दिसली. नाव बजाबाई, डोळे हळदीसारखे. चाचणीतलीच, चार दिवसांपूर्वी पिवळी पडली, असं तिथल्या नर्सनं सांगितलं.

विजयमालानं रजा घेतली आणि महिनाभर बजाबाईची सेवा केली. बाई वाचली. निघताना तिनं विजयमालाच्या तोंडावरून हात फिरवला. "तू हुतीस म्हणून जगले की गं, लेकी."

विजयमालानं तो हात हलकेच बाजूला केला आणि मनात ते अकरा दिवस पुन्हा मोजले.