दातांनी तोडलेली टेप

शी! आधी ते बोट तोंडातून काढा, मग बोलू.

मी नळाच्या सांध्याला गुंडाळायची पांढरी टेप बोलतेय. प्लंबरच्या पिशवीत रिळावर असते ना, पातळ, गुळगुळीत, तीच. मला डिंक नसतो, मी कशालाही चिकटत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण एवढी एक गोष्ट न कळल्यामुळे माझ्या आयुष्याचं मातेरं झालं.

माझं काम सांध्याच्या आतलं. नळ खोलायचा, त्याचे आटे, म्हणजे स्क्रूसारख्या खाचा, पुसायच्या, नळ ज्या दिशेने घट्ट होतो त्याच दिशेने मला ताणून सहा-सात वेढे द्यायचे आणि मग नळ कसायचा. मी आट्यांच्या फटींत दबून बसते, पाण्याला वाट राहत नाही. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, असंच कुठेतरी नीटनेटकं आयुष्य जाईल. कसलं काय!

मला विकत घेतलं विमा कचेरीतल्या एका साहेबांनी. मी मनातल्या मनात त्यांना 'सर्वज्ञ' म्हणते. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या बेसिनचा नळ मुळाशी, भिंतीत शिरतो तिथे, गळत होता. बायको म्हणाली, "अहो, प्लंबरला बोलवा ना."

"प्लंबरला काय शिंगं असतात?" सर्वज्ञ म्हणाले आणि बाह्या सारून बसले.

आता काय सांगू! माझं टोक सापडेना म्हणून त्यांनी बोट चाटून माझ्यावर फिरवलं. मग मला दातांनी तोडलं. नाश्ता करून आले होते, दात घासलेले नव्हते. आणि गुंडाळलं कुठे? बाहेरून! नळ न खोलता, पाणी बंद न करता, दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी तशी. साबणाचा बुळबुळीत थर, टूथपेस्टचे वाळलेले ओघळ, दाढीचे केस, सगळ्यांसकट मला करकचून बांधलं. ई! पाणी माझ्याखालून खुशाल गळत राहिलं.

दर दोन-चार दिवसांनी सर्वज्ञ यायचे, "हां, अजून एक थर हवा," म्हणायचे आणि पुन्हा चाटायचे. जुने वेढे पिवळे पडून त्यांना वास मारायला लागला.

ते पाणी झिरपत होतं खालच्या खोलीत. तिथे बायकोचे वडील राहायचे, अण्णा; तिथलं सगळं मला पाइपातून कळायचं. छताला ओल आली, मग थेंब पडायला लागले. अण्णांनी खाट एकदा सरकवली, दोनदा सरकवली, शेवटी दाराला लागली. छातीत घरघर सुरू झाली. एक दिवस त्यांची मुलगी, सर्वज्ञांची बायको, चहा घेऊन गेली, तर अण्णा बॅग भरत होते.

"थोरल्याकडे जातो म्हणतो. जरा हवापालट."

"दादाकडे? तिसऱ्या मजल्यावर? तुम्हाला दहा पायऱ्या चढवत नाहीत!" तिचं लक्ष ओल्या गादीकडे गेलं. "अण्णा, अठ्ठावीस वर्षं नळाचे फिटर होतात तुम्ही. ही गळती काय आहे ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असणार."

"कळलं होतं."

"मग तोंडाला कुलूप का?"

"जावयाचं घर आहे, बाई. त्यांनी विचारलं नाही."

"मी विचारतेय ना! माझं नाही का हे घर?"

अण्णा एक-एक पायरी चढत वर आले. त्यांनी पाण्याचा मुख्य कॉक बंद करायला लावला. माझ्या कुजक्या वेढ्यांचा गोळा सोलून काढताना त्यांनीही नाक मुरडलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूचं भेटलं होतं. त्यांनी आटे जुन्या ब्रशने घासले आणि रिळावरची उरलेली मी घेतली. टोक नखाने सोडवलं. कात्री मागितली. एक वेढा चुकला नाही. पाना फिरवायला जोर पुरेना, तो मुलीने फिरवला. सांधा ठणठणीत कोरडा झाला.

संध्याकाळी सर्वज्ञ आले. सांध्याखाली बोट फिरवून म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? शेवटचा थर लागू पडला!"

बायकोने तो पिवळा, केसाळ गोळा त्यांच्या हातावर ठेवला. "हे तुमचे सगळे थर. अण्णांनी नळ खोलून केलंय ते. खाली त्यांनी बॅग भरून ठेवलीय. रिकामी करा म्हणून सांगायला तुम्ही जाणार आहात, मी नाही."

सर्वज्ञांनी तो गोळा दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब केला. त्यांनाही शिसारी आली. आत्ता!

आता मी आत आहे, अंधारात, गंजाच्या शेजारी. वासही येतो थोडा. पण खरं सांगते, बाहेरच्यापेक्षा इथे स्वच्छ आहे. तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर हात जोडून सांगते, तिला चाटू नका, चावू नका, आणि येत नसेल तर घरातल्या जाणत्याला विचारा. जीभ त्यासाठी वापरा.

सर्वज्ञ खाली गेले खरे. दारातच घुटमळले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "अण्णा, स्वयंपाकघरातलाही नळ जरा गळतोय. कसा खोलायचा, दाखवता?"

अण्णांनी बॅगेतला शर्ट काढला, अंगात घातला आणि बाह्या दुमडल्या.